ड्रॉइंग कोणी दिलं?

९ नोव्हेंबर १९९५, गुरुवार

मद्रासच्या पेटंट कार्यालयाचं पत्र आलं. पाकीट कुणीतरी उघडून पुन्हा चिकटवल्यासारखं दिसतंय, एका कोपऱ्यात डिंक जास्त आहे. सुचेताला दाखवलं तर म्हणाली, "अहो, सरकारी डिंक आहे, असाच असतो." आमच्या बायकोला सगळं असंच असतं!

ही वही आजपासून. आमचे पेटंट एजंट नरसिंहराव यांनी जे घडेल ते तारखेनिशी लिहून ठेवायला सांगितलंय. त्यासाठी कामाची वेगळी वही केली आहे, पण ती त्यांच्या बंगळुरातल्याच बसवनगुडीच्या ऑफिसात जाते आणि तिथे कोण काय वाचतं देव जाणे. मनातलं इथे लिहीन.

ज्या कडीसाठी पेटंट मागितलंय ती म्हणजे काय तेही इथे एकदा लिहून ठेवतो, उद्या कुणी स्वतःची म्हणायला लागलं तर दाखवता येईल. लोकांकडे जुन्या, हाताने फिरवून फोकस करायच्या उत्तम लेन्सेस पडून आहेत. नवे कॅमेरे आपोआप फोकस करतात, पण जुनी लेन्स त्यांना बसत नाही. माझी कडी दोघांच्या मधे बसते. पुढून जुनी लेन्स, मागून नवा कॅमेरा, आणि कडीच्या पोटात एक छोटी काच. कॅमेऱ्याच्याच मोटरने ती काच पुढे-मागे सरकते आणि फोकस होतो. इथपर्यंत जपान्यांनीही केलंय. पण काच सरकवणाऱ्या स्क्रू-नटाच्या आट्यांमध्ये थोडा ढिलेपणा राहतोच, त्यामुळे काच जागेवर येऊन थांबत नाही, शोधतच बसते. मी नट कापून दोन भाग केले आणि मधे बारीक स्प्रिंग घातली. ती दोन्ही भागांना रेटून धरते, ढिलेपणा उरतच नाही. ही स्प्रिंग माझी. बाकी कुणाचंही असो.

सत्त्याऐंशी साली साहेबाने माझ्या कामावर स्वतःचं नाव घातलं तेव्हा मी नोकरी सोडली. तेव्हापासून कानाला खडा. पुन्हा कुणाला असं करू देणार नाही.

१४ नोव्हेंबर, मंगळवार

नरसिंहरावांनी पत्र समजावलं. परीक्षकाच्या दोन हरकती आहेत. अशी कडी जपानात आधीच आहे, आणि आमची हक्काची मागणी फार मोघम आहे. उत्तर सोपं आहे, सगळा भर स्प्रिंगवर ठेवायचा. मी विचारलं, "स्प्रिंगचं काय म्हणतो परीक्षक?"

"काहीच म्हणत नाही. म्हणजे त्याला ती कुठे सापडलेली नाही. तीच तुमची लंगोटी समजा, बाकीचं सोडून देऊ."

त्यांच्या टायपिस्टने उत्तराच्या तीन प्रती काढल्या. एक मद्रासला, एक फाइलला, एक मला. मी चौथा कार्बन टोपलीत पाहिला. "चुकलेला आहे," म्हणाली. मी तो घरी आणून जाळला. सुचेता वासाने स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि राख भरायला सुपली माझ्या हातात दिली.

२ डिसेंबर, शनिवार

पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत खंडोजींच्या वर्कशॉपवर गेलो होतो. कडीचा प्रत्येक तुकडा गेली आठ वर्षं खंडोजींनी स्वतःच्या लेथवर काढलाय. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत. त्यांचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी महाराष्ट्रातून इकडे आलेलं. मराठी बोलतात, पण आपल्याला ऐकताना मधेच कानडीची ठेच लागते. पेटंट झालं की सगळ्या कड्या त्यांच्याकडेच बनवायच्या असं आमचं ठरलंय. कागदावर नाही, तोंडी.

नटाच्या चिरेची रुंदी मी चिठ्ठीवर स्पष्ट लिहून दिली होती, तरी चुकीची निघाली. मी भडकलो. "खंडोजी, एवढं मराठीत लिहून दिलं होतं हो!"

"तप्पु झाली अण्णा. रक्षिता घरी नव्हती की, हॉस्टेलला गेली होती. म्हणून अंदाजानं केली."

रक्षिता म्हणजे त्यांची मुलगी, इंजिनिअरिंगला आहे. आता तिचा आणि लेथचा संबंध काय? बापाच्या चुकीला मुलीच्या हॉस्टेलचं कारण! परत येताना बसमध्ये मनात पाल चुकचुकली. म्हणजे माझ्या चिठ्ठ्या त्या मुलीच्या हातात जातात. कॉलेजात जातात का? तिथल्या प्राध्यापकांना दाखवते का? यापुढे चिठ्ठीवर निम्मंच लिहायचं.

११ जानेवारी १९९६, गुरुवार

मद्रासला सुनावणी. वृंदावन एक्सप्रेसने गेलो, नरसिंहराव बरोबर. परीक्षक म्हणजे कुणी खत्रूड म्हातारा असेल असं धरून चाललो होतो. निघाली एक चाळिशीची बाई, टेबलावर फायलींचा डोंगर आणि डब्यात दहीभात. मी कडी काढून दिली. तिने जुनी लेन्स लावली, मागे कॅमेरा लावला, खिडकीतून समोरच्या इमारतीच्या पाटीवर धरला. खर्रर्र करून पाटी एका झटक्यात स्पष्ट. मग तिने मला स्प्रिंग काढून कडी पुन्हा लावायला लावली. स्प्रिंगशिवाय काच शोधत बसली, थांबेचना. तिने मान हलवली. स्प्रिंगनेच काम होतंय हे तिला पटलं, दिसलं मला ते.

शेवटी तिने विचारलं, "अर्ज करण्यापूर्वी हे भारतात कुठे छापलं गेलंय? कुठे जाहीर वापरलंय?"

मी म्हणालो, "नाही. कुठेही नाही."

एवढी सरळ बाई, तर ती उगीच का विचारेल? परतीच्या गाडीत मी तोच विचार करत होतो. नरसिंहराव म्हणाले, "राजवाडे, हा प्रश्न सगळ्यांना विचारतात." असेल.

२३ फेब्रुवारी, शुक्रवार

अर्ज स्वीकारला! सुचेताने शिरा केला. मी पीण्याला फोन केला. खंडोजी म्हणाले, "देवानं बघितलं की अण्णा." आज मी कुणावर म्हणून संशय घेतलेला नाही, याची इथे नोंद करतो.

२७ एप्रिल, शनिवार

राजपत्रात जाहिरात आली. माझं नाव, अजित सदाशिव राजवाडे, आणि खाली कडीचं वर्णन. आता चार महिने. तेवढ्यात कुणी हरकत घेतली नाही तर पेटंटवर शिक्का. मी ते पान सुचेताला तीनदा वाचून दाखवलं. चौथ्यांदा ती भाजी आणायला निघून गेली.

१९ ऑगस्ट, सोमवार

आठ दिवस उरले होते. फक्त आठ!

नरसिंहरावांचा फोन आला. मुंबईच्या कॅमेरा आयात करणाऱ्या कंपनीने हरकत घेतली आहे. तिची एक शाखा इथेही आहे. त्यांचं म्हणणं, अर्जाच्या पाच महिने आधी हा शोध भारतात छापून आला होता, म्हणून तो नवा नाही. सोबत छापील पानांची झेरॉक्स. नरसिंहराव म्हणाले, "देवनागरीत आहे. मराठी असावं. मला वाचता येत नाही. तुम्ही या."

मराठीत? कोणी? म्हणजे चोर आपल्यातलाच. जेवण गेलं नाही. बंगळुरात मराठी वाचणारी जी जी माणसं माझ्या कामाच्या जवळ आली त्यांची यादी केली. अकरा नावं झाली. सुचेताचं नाव लिहून खोडलं.

२१ ऑगस्ट, बुधवार

पानं पाहिली. आपल्या मराठी मंडळाची स्मरणिका, गणेशोत्सव १९९२. पान चौतीस. "आपल्यातले संशोधक", लेखक अजित राजवाडे. हो, लेख माझाच. पण लेखात काय आहे? नोकरी कशी सोडली, खोलीत लेथ कसा आणला, पहिला कॅमेरा कसा मोडला. स्प्रिंगचं अक्षर नाही! आणि स्मरणिका म्हणजे काय पुस्तक आहे? वर्गणी देणाऱ्या घरांत जाते, आरतीच्या वेळी मुलं तिची विमानं करतात. तिला प्रकाशन म्हणायचं?

नरसिंहराव म्हणाले, "कायद्याला आरती कळत नाही. छापलं आणि बाहेर वाटलं, म्हणजे प्रकाशन. लेखाची मला चिंता नाही. पण हे चित्र बघा."

लेखाच्या खाली अर्धं पान ड्रॉइंग. कडीचा छेद. नटाचे दोन भाग आणि मधे स्प्रिंग, वर बाण काढलेला. बघणाऱ्याला एक अक्षरही वाचायची गरज नाही.

मी विचारलं, स्मरणिका त्या कंपनीच्या हातात गेलीच कशी? नरसिंहरावांनी समोरच्या पानावर बोट ठेवलं. त्याच कंपनीच्या इथल्या शाखेची पूर्ण पान जाहिरात, "गणेशोत्सवाच्या हार्दिक शुभेच्छा". जाहिरात देणाऱ्याला अंकाची एक प्रत पोचती करायची, हा मंडळाचा शिरस्ता आहे. जाहिराती गोळा करायचं काम त्या वर्षी माझ्याकडे होतं. पण ते वेगळं. जाहिरात मी आणली म्हणून ड्रॉइंग मी दिलं असं होत नाही.

मग त्यांनी वाट सांगितली. कायद्यात सोय आहे. शोध माझ्याकडून घेऊन माझ्या संमतीशिवाय कुणी छापला असेल, आणि ते मी सिद्ध केलं, तर छापलेलं माझ्याविरुद्ध धरत नाहीत. "फक्त सांगा, हे चित्र मंडळाला कोणी दिलं?"

घरी येईपर्यंत विचार केला. लेख दिलेला आठवतो. ड्रॉइंग दिलेलं आठवत नाही. आठवत नाही म्हणजे दिलं नाही. त्या ड्रॉइंगच्या तेव्हा दोनच प्रती होत्या, एक माझ्या कपाटात, एक पीण्याला. आणि पीण्याला मराठी माणूस एकच.

२४ ऑगस्ट, शनिवार

जाऊन विचारलंच. सहा कामगार होते, त्यांच्यासमोर. थांबायला हवं होतं का? पण राग आवरेना. झेरॉक्स समोर आपटली आणि म्हणालो, "खंडोजी, मंडळाला हे तुम्ही दिलंत. दुसऱ्या कुणाकडे हे ड्रॉइंग नव्हतं. नऊ वर्षं माझं मीठ खाल्लंत आणि पाठीमागे ही चोरी?"

खंडोजींनी कागद उचलला, बराच वेळ बघितला. हाताला तेल होतं, कागदावर अंगठा उमटला. मला वाटलं आता चिडतील, भांडतील. चिडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "सरी अण्णा," म्हणजे बरं, आणि कागद घडी घालून मला परत दिला.

खरा माणूस असा गप्प बसतो का? कुठेतरी पाणी मुरतंयच.

२५ ऑगस्ट, रविवार

सुचेता सकाळपासून घुश्शात. चहा आणून आदळला. म्हणाली, "ते ड्रॉइंग ना, अहो, तेव्हा तुम्हीच…"

मी म्हटलं, "तू मधे पडू नकोस. हा कायद्याचा मामला आहे."

"बरं." कप उचलून आत गेली. तिचं खंडोजींच्या घरी जाणं-येणं आहे, त्यांची बाजू घेणारच.

१ सप्टेंबर, रविवार

खंडोजी स्वतः घरी आले! पांढरा शर्ट, केस विंचरलेले, देवळात जायला निघाल्यासारखे. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. म्हणाले, "ड्रॉइंग मीच दिलं म्हणून लिहा. जिथं सांगाल तिथं सही करतो."

काय सांगू, पहिल्यांदा मला आनंदच झाला. पकडला! मग मी विचारलं, मंडळात कोणाला दिलंत, कधी दिलंत?

"ते तुम्ही सांगा की. तसं लिहू."

"म्हणजे तुम्हाला आठवत नाही?"

"नाही. पण दिलं म्हणून लिहा."

सुचेता दारात उभी होती. तिने पदराने डोळे पुसले आणि आत गेली. सहा वर्षांची पोर असल्यासारखं रडायचं कारण काय? ज्याने केलं त्याने कबूल केलं. न करता कोण कबूल करतं? मी हे इथे स्वच्छ लिहून ठेवतो, कारण संध्याकाळपासून मला बरं वाटत नाहीये.

५ सप्टेंबर, गुरुवार

नरसिंहरावांकडे खंडोजींना घेऊन गेलो. प्रतिज्ञापत्र इंग्रजीत होतं. खंडोजींना नीट समजावं म्हणून मी काल बसून त्याचं मराठी केलं होतं, स्वच्छ अक्षरात, दोन पानं. त्यांना दिलं आणि म्हटलं, "शांतपणे वाचा. पटलं तरच सही करा."

ते कागद धरून बसले. नजर वरून खाली गेली, पुन्हा वर आली. दहा मिनिटं झाली असतील. मग हळूच म्हणाले, "अण्णा, संध्याकाळी सही केली तर चालंल? रक्षिताला दाखवून आणतो."

मला वाटलं मुलीचा सल्ला हवाय. मी जरा घुश्शातच म्हणालो, "यात तिला काय विचारायचं? तुम्ही वाचलंत ना?"

नरसिंहरावांनी माझ्या दंडावर हात ठेवला. खंडोजींशी कानडीत दोन वाक्यं बोलले, त्यांनी खाली बघून मान हलवली. मग नरसिंहराव मला म्हणाले, "ते कानडी शाळेत शिकले, राजवाडे. मराठी घरात बोलतात. वाचता येत नाही. लिपीच येत नाही. मुलगी शाळेत हिंदी शिकली म्हणून तिला येते."

नऊ वर्षं! नऊ वर्षं मी ह्या माणसाला मराठीत चिठ्ठ्या लिहून देतोय, "एवढं स्पष्ट लिहिलंय" म्हणून ओरडतोय, आणि हा त्या घरी नेऊन मुलीकडून वाचून घेतोय. हॉस्टेलला गेली तर अंदाजाने नट कापतोय. मला एकदाही कळलं नाही. मी कडीच्या आट्यातला केसाएवढा ढिलेपणा शोधून काढणारा!

ज्याला मराठी वाचता येत नाही तो मराठी मंडळात जाऊन मराठी लेखासाठी ड्रॉइंग कशाला देईल? त्याला तो लेख आहे हे तरी कसं कळणार? मी सही थांबवली. तब्येतीचं कारण सांगितलं.

६ सप्टेंबर, शुक्रवार

सुचेताला विचारलं, "त्या रविवारी तू काय सांगत होतीस?"

"कायद्याचा मामला आहे ना?" म्हणाली. मग मी पाया पडायच्या बेतात आलो तेव्हा तिने सांगितलं. ड्रॉइंग तिनेच ट्रेसिंग पेपरवर काळ्या शाईने उतरवलं होतं, ह्याच जेवणाच्या टेबलावर. मी शेजारी बसलो होतो. मंडळवाले म्हणत होते चित्र नको, जागा नाही. मी हट्ट धरला, चित्र नाही तर लेख नाही. आणि म्हणालो होतो, "स्प्रिंगवर मोठा बाण काढ. लोकांना कळू दे अजित राजवाडेने काय केलंय ते."

ती हे सांगत होती आणि मला टेबल दिसलं, शाईची बाटली दिसली, तिचा वाकलेला मानेचा मणका दिसला. सगळं लख्ख आठवलं. इतके दिवस कुठे होतं? साहेबाने माझं नाव खाल्लं म्हणून मी सहाशे घरांत स्वतःचं नाव छापायला धावलो, आणि घरातल्या माणसांत कसली चोरी म्हणून निर्धास्त राहिलो. मग चार वर्षांनी घरातल्याच माणसाला चोर म्हणालो. लाज वाटते. दुसरा शब्द नाही.

"आधी का नाही ठणकावून सांगितलंस?"

"ठणकावून सांगितलं असतं तर त्या यादीत माझं नाव पुन्हा लिहिलं असतंत." तिने यादी पाहिलेली आहे.

७ सप्टेंबर, शनिवार

सकाळी नरसिंहरावांकडे. सांगितलं, चित्र मीच दिलं, संमती काय, हट्टाने दिलं. ते म्हणाले, "खंडोजींचं प्रतिज्ञापत्र दिलं असतं तर कदाचित वाचलो असतो. तो माणूस तयार आहे."

"खोटं आहे ते."

"मग स्प्रिंगची मागणी गेली. आणि स्प्रिंग गेली म्हणजे सगळं गेलं, हे तुम्हाला माहीत आहे."

माहीत आहे म्हणालो. अर्ज मागे घेण्याच्या पत्रावर सही केली. माझ्या नावाचा हा शेवटचा कागद मद्रासला जाईल. त्या परीक्षक बाईला मी "कुठेही नाही" असं सांगितलं होतं, ती हे वाचेल. टायपिस्टने दोनच प्रती काढल्या. मी टोपलीत बघितलं नाही.

तिथून पीण्याला. सहाही कामगार होते. मुद्दाम त्यांच्यासमोरच बोललो. "ड्रॉइंग मी दिलं होतं. खंडोजींनी नाही. मी चुकलो." खंडोजी हात पुसत पुढे आले.

"मला ठाऊक होतं अण्णा. त्या वर्षी गणपतीच्या आधी तुम्हीच पुस्तक घेऊन आलात इथं, नवं कोरं. माझ्या हातात दिलं, म्हणालात, वाचा खंडोजी. मी चित्र बघितलं. म्हटलं, छान आलंय."

म्हणजे पहिल्या दिवसापासून! मी झेरॉक्स आपटली तेव्हाही! "मग तेव्हाच का नाही बोललात?"

"बोललो असतो तर तुम्ही म्हणाला असता, वाचून दाखवा. पोरांसमोर."

"आणि खोटी सही का करायला निघालात? माझ्यासाठी?"

"तुमच्यासाठी नाही. कडीसाठी. ती काय तुमचीच आहे?" त्यांचा आवाज चढला. नऊ वर्षांत मी तो आवाज पहिल्यांदा ऐकला. "प्रत्येक आटा ह्या हातानं काढलाय मी. वाटलं, नाव माझं गेलं तर जाऊ दे, कडी राहू दे. आता ती पण गेली. बरं झालं. खोट्यावर राहिली नसती."

मी माफी मागितली. हात जोडून मागितली. त्यांनी पूर्ण ऐकून घेतली.

"कडीचं दुःख होईल स्वल्प दिवस, जाईल," ते म्हणाले. "पण तुम्ही मला चोर म्हणालात ना अण्णा, ते अजून इथंच आहे. रोज येऊन लेथ सुरू करतो तेव्हा ऐकू येतं. आज तुम्ही जा."

मग ते वळले आणि त्यांनी लेथ सुरू केला.